डाव्या बाजूची डिस्क

महाडिकांनी डिस्क माझ्या पायाशी फेकली तेव्हा वर्कशॉपमध्ये चौदा माणसं होती. मोजली होती मी. त्या चौदा जणांसमोर ते म्हणाले, "मन्या, ही घरी घेऊन जा. बापाच्या देवळात ठेव, शेंदूर फास नि नारळ फोड. गाडीला लावायच्या लायकीची नाही ही."

"साहेब, खोकं तुमच्यासमोर फोडलं होतं मी. स्टोअरमधूनच—"

"खोकं फोडलंस आणि आतली ओरिजिनल विकलीस. गाडीला बसवलीस भंगारातली. कुणाला विकलीस तेवढंच सांग, बाकी मला काही ऐकायचं नाही."

"आईशप्पथ साहेब, मी—"

"आईला कशाला मध्ये आणतोस? तीनदा तुझ्या हातून डिस्क बदलल्या. तीनदा गाडी परत आली. माझं नाव खराब झालं डॉक्टरांपुढे. निघ."

डॉक्टर खातू कोपऱ्यात उभे होते, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. ते काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

सतरा वर्षं झाली. पण महाडिकांचा तो आवाज अजून कानात आहे. त्या माणसाला मी मनातल्या मनात किती वेळा आडवा केलाय, त्याचा हिशोबच नाही.

भानगड काय होती ते सांगतो. डॉक्टर खातूंची पांढरी गाडी, नवी कोरी. दर रविवारी ते घाट चढून वर पाटणच्या बाजूला दवाखाना चालवायला जायचे आणि सोमवारी दुपारी घाट उतरून चिपळूणला परत यायचे. गाडी साठ-सत्तरवर असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं, आणि पॅडल तळपायाला धक्के मारायचं. ब्रेकची डिस्क म्हणजे चाकाच्या आतली लोखंडी थाळी. ती केसभर जरी वाकडी झाली तरी हा त्रास होतो. नवीन डिस्क बसवली की गाडी लोण्यासारखी चालायची. दोन-तीन आठवडे जायचे की डॉक्टर परत दारात.

मी काय काय बघितलं नव्हतं! कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणारा चिमटा, अडकतो का बघितला. नाही. डिस्क जिथं बसते त्या हबवर गंज आहे का, खरवडून बघितलं. बेअरिंग हलवून बघितलं. चाकाचे नट कुणी जास्त आवळतं का, म्हणून टॉर्क पान्यानं मोजून मी स्वतः आवळले. सगळं जिथल्या तिथं. आणि प्रत्येक वेळी डावीच डिस्क वाकडी. उजवी चांगली, डावी वाकडी. महाडिकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे डाव्या बाजूला भंगार बसवतोस."

चोर हा शब्द चिपळुणातून माझ्या आधी घरी पोचला. मार्गताम्हाण्याच्या मुलीशी माझं जमलं होतं. साखरपुडा तेवढा राहिला होता. तिच्या वडिलांनी आठ दिवसांत निरोप पाठवला, मुलीला पुढं शिकायचंय म्हणे. दहावीनंतर तीन वर्षं घरी बसलेली मुलगी, तिला एकदम शिकायचं होतं.

माझे बाबा घाटाच्या पायथ्याला वाटजाईच्या देवळाचे गुरव. सोनू गुरव. मी घरी आलो तेव्हा ते देवीची फुलं निवडत होते.

"चोरी केलीस काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं," म्हणाले आणि परत फुलं निवडायला लागले. त्यानंतर त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मला मात्र वाटायचं, काढावा. माझ्याबरोबर चार शिव्या त्यांनीही घालाव्यात. पण शिवी देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तो सगळा वाटा माझ्याकडे आला होता.

देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, मी पत्र्याची शेड टाकली. पंक्चर, ऑइल, किरकोळ कामं. घाट उतरून येणारी प्रत्येक गाडी वाटजाईपाशी थांबतेच. देवळाशेजारी झऱ्याचं कुंड आहे, बर्फासारखं गार पाणी. गुरवानं त्या कुंडातलं पाणी चाकांना लावायचं आणि म्हणायचं, "देवीनं राखलंन, घरला सुखरूप पोच." माझ्या पणजोबांपासूनची रीत. तेव्हा बैलगाड्या असायच्या. घाट उतरताना लाकडी चाकं तापून सुकायची, चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, धाव म्हणतात तिला, ढिली पडायची. पाणी घातलं की लाकूड फुगून धाव परत घट्ट बसायची. बैलगाड्या गेल्या, ट्रक आले, मोटारी आल्या, पाणी चालूच राहिलं. लहानपणापासून बघत आलो, त्यामुळं त्याच्याकडं माझं कधी लक्षच गेलं नाही.

शेड टाकून दीड महिना झाला असेल. एप्रिलचा सोमवार. मी एका रिक्षाच्या खाली आडवा होतो. डॉक्टरांच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. गाडी घाट उतरून आली आणि देवळापाशी थांबली. मी मुद्दाम तोंड फिरवलं. त्या माणसाचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

तेवढ्यात आवाज आला. चर्रर्र!

तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा. मी रिक्षाखालूनच मान वळवली. गाडीच्या पलीकडून, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकातून वाफ निघत होती. बाबा कळशी रिकामी करून सरळ होत होते. गाडी घाट उतरून आली की देऊळ डाव्या हाताला येतं.

मी रिक्षाखालून बाहेर आलो तोच मुळी डोकं आपटून.

सात-आठ मैलांचा घाट, सगळा उतार, डॉक्टरांचा पाय कायम ब्रेकवर. डिस्क जवळजवळ लाल व्हायची पाळी. आणि तिच्यावर एका बाजूनं झऱ्याचं गार पाणी. बिडाचं लोखंड ते, वाकडं होईल नाहीतर काय होईल! डावीच का, तेही कळलं. ट्रक-एसटीला डिस्क नसते, त्यांना काही होत नाही. बाकीचे मोटारवाले आधी चहाच्या टपरीवर बसतात, गाडी तोवर निवते. डॉक्टर चहा घेत नाहीत, त्यांना पित्त होतं. ते थेट देवळाशी येतात, हात जोडतात, पाणी घेतात आणि निघतात.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच हसत बसलो. महाडिक, आता तू आहेस आणि मी आहे. माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्या माणसाचं तोंड होतं. ते कसं पडेल, कसं पांढरं होईल, एवढंच. बाबांना मी काही सांगितलं नाही. खरं तर बाबांचा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. पाणी देवीचं, रीत गावाची. बाबा तिथं होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी चिपळूणला डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. पेशंटसारखा नंबर लावून.

"तू?" डॉक्टर म्हणाले. "काय होतंय?"

"मला काही होत नाही डॉक्टर. गाडीला होतंय. अजून थरथरते ना?"

त्यांनी चष्मा काढला. "तुला कुणी सांगितलं?"

"मला काढल्यावर किती वेळा डिस्क बदलली?"

"एकदा बदलली. ती पण गेली." जरा थांबून ते म्हणाले, "महाडिक म्हणतात, कंपनीकडून मालच खराब येतोय."

बघा! माझ्या वेळी मी चोर, आणि माझ्यानंतर माल खराब. म्हणजे महाडिकांना कळलं होतं की मी चोर नाही. कळूनसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. तोपर्यंत माझ्या मनात थोडी दयामाया शिल्लक असेल तर ती त्या खुर्चीत संपली.

"डॉक्टर, माझं एकच ऐका," मी म्हटलं. "येत्या शनिवारी महाडिकांना त्यांच्या स्वतःच्या हातानं नवीन डिस्क बसवू द्या. दोन्ही बाजूंना. बसवल्यावर गेज लावून मोजू द्या, आणि तुम्ही समोर उभे राहून आकडा बघा. मी गाडीच्या जवळपासही येणार नाही. सोमवारी त्यांना सकाळच्या एसटीनं वर बोलवा आणि येताना बरोबर घेऊन या. सोमवारी वर्कशॉपला सुट्टी असते. देवळापाशी मी खराबी दाखवतो. नाही दाखवली तर तुमच्या देखत कान धरतो."

"देवळापाशी कशाला?"

"तिथं तुम्ही थांबताच ना?"

"थांबतो की. तुझे वडील काय भक्तीनं करतात रे!" डॉक्टर म्हणाले. ते तयार झाले. गाडीला कंटाळले होते, दुसरं काय.

त्या आठवड्यात मी वर्कशॉपमधल्या चौदा जणांना निरोप धाडले. सोमवारी दुपारी वाटजाईला या, गंमत बघायला. सहा जण आले. शिर्के, मुकादम, दोघे साळवी बंधू, रंगकामवाला भुवड आणि स्टोअरकीपर. मी त्यांना टपरीवर चहा दिला आणि रांगेनं बाकावर बसवलं. डायल गेज रत्नागिरीहून एका मित्राकडून मागून आणला होता. घड्याळासारखी तबकडी असते ती. तिचं टोक डिस्कला टेकवायचं आणि डिस्क हातानं फिरवायची. डिस्क सरळ असेल तर काटा जागचा फारसा हलत नाही. पाच रेघांच्या आत असला तर ठीक.

बाराच्या सुमाराला गाडी उतरली. डॉक्टर चालवत होते, शेजारी महाडिक. महाडिकांनी बाकावरचे सहा जण बघितले आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"हा काय तमाशा लावलायस?"

"बसा साहेब, गाडीतच बसा. आधी देवीचं पाणी घ्या."

बाबा देवळातून बाहेर आले. महाडिकांना बघून त्यांनी कळशी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. त्यांना वाटलं, साहेब मला परत न्यायला आले.

"साहेब, आलात, बरं झालं," बाबा म्हणाले. "पोरगा वाईट नाय माझा. चुकला आसंल तर पदरात घ्या."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझा बाप त्या माणसापुढे हात जोडून उभा! मी ओरडलो, "बाबा, हात खाली करा! पाणी घाला तुम्ही."

"आरं, साहेबांशी—"

"घाला म्हणतो ना!"

बाबांनी कळशी उचलली. पुढच्या चाकावर सावकाश ओतली. चर्रर्र झालं, वाफ उठली. ते परत कुंडावर गेले, दुसरी कळशी भरून आणली आणि तीही त्याच चाकावर ओतली. मला वाटलं, साहेबांचा मान म्हणून. "देवीनं राखलंन, घरला सुखरूप पोच," ते म्हणाले आणि कळशी काखेत धरून बाजूला उभे राहिले.

"डॉक्टर, शनिवारी काटा किती होता?"

"डावीकडं दोन, उजवीकडं दोन. मी लिहून ठेवलंय."

"डिस्क कुणी बसवल्या?"

"महाडिकांनी. माझ्यासमोर."

"साहेब, बरोबर?"

महाडिक गाडीतून उतरले. "बरोबर. मग?"

मी जॅक लावला. आधी उजवं चाक काढलं, त्या बाजूला पाण्याचा थेंब नव्हता. गेज लावला आणि महाडिकांनाच म्हटलं, "फिरवा." त्यांनी खिशातला रुमाल काढला, हाताला गुंडाळला आणि डिस्क फिरवली. काटा दोन रेघा हलला, अडीच म्हणा. सहाही जण बाकावरून उठून जवळ आले होते.

मग डावं चाक. गेज लावला. महाडिकांनी डिस्क फिरवली आणि काटा सरकत गेला. पाच, आठ, अकरा, तेरा. परत मागे. परत तेरा.

"पुन्हा फिरवा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा फिरवली. तेरा.

मुकादम हळूच म्हणाला, "या अल्ला, पाण्यानं!"

"पाण्यानं!" मी म्हटलं. केवढ्यानं म्हटलं असेल, पलीकडच्या टपरीवाल्यानं स्टोव्ह बंद केला. "तापलेल्या डिस्कवर गार पाणी. दर सोमवारी. तीन वेळा मी बसवलेल्या डिस्क अशाच गेल्या. मला काढल्यावर तुम्ही बसवलेली पण अशीच गेली. तेव्हा मला कळलं नव्हतं, तुम्हालाही कळलं नव्हतं. पण तुम्ही मला चोर म्हणालात. चौदा जणांसमोर! आता सहा जणांसमोर बोला."

महाडिक उभे राहिले. रुमालानं हात पुसत राहिले, हाताला काही लागलेलं नसताना.

"काय बोलू?"

"मनोहर गुरवानं डिस्क चोरली नव्हती. एवढंच."

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "बोला महाडिक. बोलायला पाहिजे."

"मनोहर गुरवानं डिस्क चोरली नव्हती," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं. साळवी, तुला आलं?"

साळवी मागं सरकला. जमिनीकडं बघत होता.

महाडिकांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. त्यांचे कान लालेलाल झाले होते. मी सगळं बघून घेतलं, कान, गळा, हातातला रुमाल, सगळं. एवढं गोड मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं. आणखी हवं होतं मला. मी म्हणणार होतो, आता मार्गताम्हाण्याला चला माझ्याबरोबर आणि त्या मुलीच्या बापासमोर बोला.

तेवढ्यात महाडिकांनी मान वर केली. माझ्याकडं नाही बघितलं त्यांनी, माझ्या मागं बघितलं.

"झालं तुझं समाधान? तू चोर नाहीस, कबूल. पण डॉक्टरांच्या पाच डिस्क कुणी घालवल्या तेही तूच सिद्ध केलंस. आपल्याच तोंडानं, आपल्याच बापावर."

मी वळलो. बाबा कळशी काखेत धरून तिथंच उभे होते. सगळेजण त्यांच्याकडं बघत होते. डॉक्टरसुद्धा.

"मन्या," बाबा म्हणाले. "हे काय म्हन्तात साहेब? ह्या पान्यानं वाकडी व्हते ती?"

"गरम असली तर होते बाबा. पण तुम्हाला काय माहीत, कुणालाच माहीत नव्हतं—"

"मागल्या खेपांना पन ह्यानंच झाली?"

मी जॅकचा दांडा उचलला.

"बोल की. ह्यानंच?"

"हो."

"मंजे तुझी नोकरी मी घालवली."

"तसं नाही बाबा. महाडिकांनी घालवली! त्यांनी नीट विचारलं असतं तर—"

"आनि मार्गताम्हाण्याची सोयरीक."

डॉक्टर पुढं झाले. "सोनूबाबा, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सगळ्याच गाड्यांना पाणी घालता. त्यात तुमचा काय दोष?"

"नाय हो डॉक्टर," बाबा म्हणाले. "बाकीच्यांस्नी मी ओंजळभर शिंपडतो. इतकं पानी कोन काढतो कुंडातनं, माझं काय वय हाय? तुमच्या एकट्या गाडीला दोन कळश्या घालायचो. तुम्हीच बोलला व्हता ना पयल्या येळी, सोनूबाबा, ही तुमच्या मन्याच्या हातची गाडी हाय मनून."

डॉक्टर गाडीला टेकून उभे राहिले. महाडिक म्हणाले, "मनोहर, उद्यापासून कामावर ये," आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं असेल कदाचित. मी ऐकलं नाही धड. मी बाबांच्या हातातली कळशी घ्यायला गेलो, तर त्यांनी ती सोडली नाही.

मी दोन्ही चाकं परत बसवली. एकेक करून सगळे गेले. बाबा कुंडाच्या कठड्यावर जाऊन बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो तेव्हा ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते.

"काय मोजताय बाबा?"

"सोमवार," ते म्हणाले. "थांब, मधी बोलू नकोस. परत पयल्यापासनं मोजाय लागतात."